छंदग्रंथ आणि त्यांचे वाचक : आयझॅक वॉल्टनच्या ग्रंथावरील अभिप्रायांचा विचार

खेळ, छंद आणि उघड्यावरची मनोरंजने यांवर लिहिलेल्या ग्रंथांचे वाङ्मयातील स्थान प्रथमपासून संदिग्ध राहिले आहे. त्यांना शास्त्रग्रंथ म्हणावे, तर त्यांतील ज्ञान सहसा कोणी शास्त्रीय कसोटीवर घासून पाहत नाही. ललित म्हणावे, तर त्यांचा उघड हेतू काहीतरी शिकवण्याचा असतो. या संदिग्धतेचा परिणाम वाचकांच्या अभिप्रायांवर होतो. त्या छंदात मुरलेला वाचक ग्रंथातील सूचना खऱ्या ठरतात की नाही हे पाहतो. रसिक वाचक भाषा आणि वातावरण यांत रमतो. तिसरा वाचक मुळात तो छंदच योग्य आहे काय, असे विचारतो. हे तिघे एकाच पुस्तकाविषयी बोलत असतात, पण त्यांचे बोलणे एकमेकांना भिडत नाही. टीकाशास्त्राने साधारणतः दुसऱ्या वाचकाचा अभिप्राय तेवढा वाङ्मयीन मानला आणि उरलेले दोन वाङ्मयबाह्य म्हणून दूर ठेवले. ही वाटणी कितपत न्याय्य आहे, हे पाहण्यासाठी आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या ग्रंथाइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

वॉल्टन १५९३ मध्ये स्टॅफर्ड येथे जन्मला आणि १६८३ मध्ये विंचेस्टर येथे वारला. लंडनच्या फ्लीट स्ट्रीट परिसरात त्याने कापडाचा व्यापार केला. डन, वॉटन, हूकर, हर्बर्ट आणि सँडरसन यांच्या चरित्रांचा कर्ता म्हणूनही तो इंग्रजी वाङ्मयात मान्यता पावला आहे. गळ टाकून मासे धरण्याच्या, म्हणजे कोकणात ज्याला गरवणे म्हणतात त्या छंदावरील त्याचा हा ग्रंथ १६५३ मध्ये निघाला. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने त्याची प्रकरणे १३ वरून २१ वर नेली, आणि १६७६ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत तो त्यात भर घालीत राहिला. ग्रंथाची मांडणी संवादाची आहे. पिस्केटर हा मासे धरणारा गुरू वाटेत भेटलेल्या शिकाऱ्याला आपल्या कलेचे महत्त्व पटवतो, त्याला शिष्य करून घेतो आणि ली नदीच्या काठाने हिंडत एकेका माशाचे लक्षण, त्याचे आमिष, त्याला धरण्याची रीत आणि शिजवण्याची कृती सांगतो. मधूनमधून गाणी येतात, पाऊस येतो, खाणावळीतील स्वच्छ अंथरुणे येतात. त्यानंतर या ग्रंथाच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. या ग्रंथाच्या दीर्घायुष्याची कारणे वाचकांनी कशी सांगितली, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

पहिला कठोर अभिप्राय एका मासे धरणाऱ्याचाच आहे. रिचर्ड फ्रँक हा क्रॉमवेलच्या पक्षाचा सैनिक. स्कॉटलंडच्या प्रवासावर आणि तेथील सॅमन मासे धरण्यावर त्याने ‘नॉर्दर्न मेमॉयर्स’ हा ग्रंथ १६५८ मध्ये लिहिला. तो छापला गेला १६९४ मध्ये, म्हणजे वॉल्टनच्या मृत्यूनंतर. फ्रँकचा आक्षेप स्पष्ट आहे. वॉल्टनने नदीपेक्षा ग्रंथालयात अधिक मासे धरले, गेस्नर, डुब्रेव्हियस इत्यादी पंडितांचे उतारे गोळा केले आणि परक्या माहितीवर आपले नाव घातले, असे तो म्हणतो. पाइक नावाच्या माशाची उत्पत्ती एका पाणवनस्पतीपासून होते, या समजुतीवरून स्टॅफर्ड येथे दोघांचा वाद झाला आणि वॉल्टन रागावून निघून गेला, अशी हकीकतही त्याने दिली आहे. फ्रँकची भाषा अवजड आणि स्वर भांडखोर असल्याने पुढील टीकाकारांनी त्याचे बोलणे मत्सराच्या खाती टाकले. १८२१ मध्ये वॉल्टर स्कॉटने त्याच्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. सॅमनविषयीच्या त्याच्या सूचना स्कॉटने वाखाणल्या. पण हा उत्तरेचा प्रवास फ्रँकऐवजी वॉल्टनने केला असता तर बरे झाले असते, अशी वाचकाची भावना होईल, असेही म्हटले. म्हणजे, जाणकार फ्रँक ठरला आणि प्रिय वॉल्टनच राहिला.

फ्रँकचा आक्षेप मात्र पोकळ नव्हता. कृत्रिम माशी वापरून ट्राउट धरण्याच्या भागासाठी वॉल्टनने टॉमस बार्कर या स्वयंपाक्याचे ऋण मान्य केले आहे. परंतु त्याने दिलेली बारा माश्यांची यादी १४९६ मध्ये छापलेल्या एका जुन्या निबंधाकडून परंपरेने आली आहे आणि तेथे मूळाचा उल्लेख नाही. या अंगातील उणीव खुद्द ग्रंथकारालाही जाणवली असावी. १६७६ च्या आवृत्तीत स्वच्छ प्रवाहात माशीने मासे धरण्याचा स्वतंत्र दुसरा भाग त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने लिहिला आणि त्यात महिनावार ६५ माश्यांची कृती दिली. त्याहून महत्त्वाचा पुरावा विसाव्या शतकात पुढे आला. ‘द आर्ट ऑफ अँगलिंग’ या १५७७ मधील पुस्तकाची एकमेव ज्ञात प्रत १९५४ मध्ये उजेडात आली आणि १९५६ मध्ये प्रिन्स्टन येथून तिचे पुनर्मुद्रण झाले. त्या पुस्तकातही संवाद आहे, आणि बोलणाऱ्यांची नावे पिस्केटर आणि व्हिएटर अशी आहेत. वॉल्टनच्या पहिल्या आवृत्तीत नेमकी हीच दोन नावे होती. दुसऱ्या आवृत्तीत त्याने व्हिएटर म्हणजे वाटसरू याच्या जागी व्हेनेटर म्हणजे शिकारी आणला. आमिषासंबंधीच्या काही सूचनाही त्या पुस्तकाशी जुळतात. ज्याला तीनशे वर्षे हेकट ठरवले गेले, त्या वाचकाचा संशय याप्रमाणे बऱ्याच अंशी खरा निघाला.

दुसऱ्या प्रकारच्या वाचकांनी हा प्रश्नच गौण ठरवला. १७५० मध्ये मोझेस ब्राउनने सॅम्युएल जॉन्सनच्या सूचनेवरून ग्रंथाची आवृत्ती काढली, तेव्हा त्याने वॉल्टनची भाषा ठिकठिकाणी ‘सुधारली’. १७६० मध्ये जॉन हॉकिन्सने मूळ पाठ पुन्हा रूढ केला. या दहा वर्षांतील फरक बोलका आहे. उपयुक्त पुस्तकाची भाषा काळानुसार बदलण्यात कोणाला वावगे वाटत नाही. ज्याचा मूळ पाठ जपावासा वाटतो ते अभिजात साहित्य. १७९६ मध्ये चार्ल्स लँबने कोलरिजला लिहिलेल्या पत्रात हा ग्रंथ वाचण्याची शिफारस केली, ती त्यातील निरागसता आणि साधेपणा यांसाठी. हॅझ्लिटने त्याला इंग्रजीतील श्रेष्ठ गोपकाव्यांच्या पंक्तीत बसवले. या वाचकांना मासे धरायचे नव्हते. गळ, आमिष आणि दोर हे त्यांच्या दृष्टीने केवळ निमित्त होते. खरे मोल नदीकाठच्या प्रसन्न शांततेला. ग्रंथ निघाला त्या १६५३ सालात क्रॉमवेलने सैन्याच्या बळावर पार्लमेंट बरखास्त केली होती, आणि वॉल्टन हा पराभूत राजपक्षाचा व जुन्या धर्मपीठाचा अनुयायी होता, हे लक्षात घेता त्या शांततेला राजकीय अर्थही प्राप्त होतो. रसिकांचा अभिप्राय म्हणून खोटा नाही. पण ग्रंथ जे सांगतो ते बाजूला सारून तो जसे सांगतो तेवढेच त्यांनी घेतले.

या निवडक वाचनावर आघात केला तो बायरनने. ‘डॉन जुअन’च्या १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेराव्या सर्गात त्याने वॉल्टनची निर्भर्त्सना केली. या क्रूर म्हाताऱ्याच्याच घशात गळ अडकवावा आणि एखाद्या लहानशा ट्राउटने तो ओढावा, असा त्याच्या बोलण्याचा आशय. जोडलेल्या टिपेत, निरागस करमणुकीची आवड मिरवण्यासाठी ज्याचे दाखले देण्याची प्रथा पडली आहे तो ग्रंथकार बेडूक शिवायला शिकवतो, याची त्याने आठवण दिली. बायरनचा रोख ग्रंथाइतकाच त्याच्या भावुक चाहत्यांवर आहे. त्यांनी ज्या ओळी डोळ्यांआड केल्या होत्या, त्या त्याने पुढे आणल्या. नीतीच्या नावाने केलेले हे वाचन या एका बाबतीत तरी रसिकांच्या वाचनापेक्षा अधिक सावध आहे, हे मान्य करावे लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फ्रँकला खटकलेली पाणवनस्पतीची समजूत आणि बायरनला खटकलेला बेडूक, ही दोन्ही स्थळे पाइक माशावरील एकाच प्रकरणात आहेत. वनस्पतीची कथा वॉल्टन गेस्नरच्या आधारे सांगतो आणि गेस्नरची चूक होत नसेल तर, अशी पुस्तीही जोडतो. पुढे जिवंत बेडकाचे आमिष लावण्याची रीत येते. गळ तोंडातून घालून कल्ल्याजवळून बाहेर काढावा, पाय बारीक सुईने आणि रेशमाने तारेला टाचावा, आणि हे करताना बेडकावर आपली माया असावी अशा रीतीने त्याला हाताळावे, असे गुरू सांगतो. कारण त्याला इजा कमी झाली तर तो अधिक काळ जगेल. हे ‘कारण’ निर्णायक आहे. येथील मायेचा उगम करुणेत नाही. आमिष जितके जास्त वेळ जिवंत राहील तितका ते लावणाऱ्याचा लाभ. रसिकाने या वाक्यातील कोमलता ऐकली, बायरनने क्रौर्य ऐकले. वस्तुतः त्या वाक्यात दोन्ही एकाच क्रियेची अंगे आहेत. वॉल्टनच्या गद्यात जी सावध, हळुवार एकाग्रता जाणवते, ती शिष्याच्या शंकेवर, पाण्याच्या रंगावर, गळाच्या गाठीवर आणि बेडकाच्या पायावर सारखीच पडते. तिच्यात भेदभाव नाही, आणि म्हणूनच तिच्यात दयाही नाही. त्याची शैली त्याच्या कलेतूनच घडली आहे. शैली घ्यावी आणि कला सोडावी, ही रसिकांची तडजोड या ठिकाणी टिकत नाही.

ग्रंथाची आपली कसोटीही हीच आहे. प्रारंभीच्या एका प्रसंगी चब नावाचा मासा शिष्य हलका समजतो. गुरू त्याला पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आलेले वीसेक चब दाखवतो, त्यांतला शेपटीवर पांढरा ठिपका असलेला आपण धरू, असे आधी सांगतो, आणि तोच मासा धरून आणतो. नंतर तो नीट शिजवला तर किती रुचकर लागतो हेही पटवतो. बोललेले करून दाखवावे, ही प्रतिज्ञा ग्रंथाने स्वतःच केली आहे. त्यामुळे सूचना खऱ्या आहेत काय, हा फ्रँकचा प्रश्न ग्रंथावर बाहेरून लादलेला नसून ग्रंथानेच निमंत्रित केलेला आहे. पाइकच्या उत्पत्तीबाबत वॉल्टन या प्रतिज्ञेला उतरत नाही, आणि तेथे त्याचे गद्यही मोघम होते, पंडितांच्या नावांआड दडते. जेथे हाताला अनुभव आहे तेथे वाक्य नेमके होते. तज्ज्ञाचा अभिप्राय याप्रमाणे वाङ्मयीन गुणदोषांपर्यंत पोहोचवतो.

तज्ज्ञ वाचक मुळीच लाभला नाही तर छंदग्रंथाचे काय होते, याचे उदाहरण या भूमीशी संबंधित असलेल्या ‘मानसोल्लासा’त आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील या संस्कृत ग्रंथात राजाच्या अनेक विनोदांचे वर्णन आहे आणि त्यात गळाने मासे धरण्याचा मत्स्यविनोदही आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ आणि दोर यांची माहिती तेथे येते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेतून हा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागल्यावर प्रत्येक अभ्यासकाने त्यातून आपल्या कामापुरते घेतले. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये मत्स्यविनोदाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, हा त्यातील उल्लेख मोलाचा मानला. ग्रंथ साधन म्हणून मान्य झाला. परंतु नदीकाठी नेऊन त्याच्याशी भांडणारा फ्रँक त्याला मिळाल्याचे दिसत नाही. त्यामुळे त्यातील कोणते वचन अनुभवाचे आणि कोणते परंपरेने आलेले, हे ठरविण्याचे एक मोठे साधन अभ्यासकाच्या हाती राहिले नाही.

या सर्व विचारातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण उपयोगी आहे. छंदग्रंथाचे मूल्यमापन करताना जाणकाराचा, रसिकाचा आणि नीतिविचारकाचा अभिप्राय यांपैकी एकालाच वाङ्मयीन म्हणून निवडणे योग्य नाही. रसिक ग्रंथाचा सूर ओळखतो, जाणकार त्यातील उसने स्थळ दाखवतो, आणि नीतिविचारक त्या सुराची किंमत कोणी मोजली हे विचारतो. वॉल्टनच्या बाबतीत या तिघांच्या बोटांनी अखेर एकाच प्रकरणाकडे निर्देश केला. गिर्यारोहण, बागकाम, बुद्धिबळ किंवा पक्षिनिरीक्षण यांवरील ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम अशीच स्थळे शोधावीत. ज्या ठिकाणी वाचकांचे मतभेद सर्वांत तीव्र असतात, तेथे ग्रंथकाराचे ज्ञान, त्याची भाषा आणि त्याची वृत्ती ही एकत्र तपासता येतात. त्यासाठी त्या छंदातील लोकांनी नोंदवलेले रोखठोक अभिप्रायही संशोधकाने साधनसामग्रीत समाविष्ट केले पाहिजेत.