बदललेली जयश्री

'खिचडी' २००२ साली सुरू झाली, तेव्हापासून पारेखांच्या दोन्ही सुना आमच्या दिवाणखान्यात ठाण मांडून होत्या. २०१० साली सिनेमा आला. आम्ही सहकुटुंब गेलो. हंसा तीच, सुप्रिया पाठक. शब्दाशब्दाचा अर्थ नवऱ्याला विचारणारी. पण जयश्री? वंदना पाठकच्या जागी निमिषा वखारिया! बाई गुणी, तक्रार तिच्याबद्दल नाहीच. पण हंसाचं बावळटपण खुलतं ते जयश्रीच्या टोमण्यांनी, आणि टोमणे ओळखीच्या तोंडूनच गोड लागतात.

मध्यंतरात ही म्हणाली, "बसून खाणारी सून कायम, राबणारी मात्र बदलून चालते, वाटतं!"

मी सामोसे आणायला उठलो.

२०२३च्या दुसऱ्या सिनेमात वंदनाबाई परतल्या. तिकिटं मीच काढून आणली, न सांगता.