पुतळा एक, अनावरणे दोन

शिवछत्रपतींच्या स्मारकाविषयी सीमाभागातील मराठी माणसाला नव्याने काही सांगावे लागेल, असे आम्हांला वाटत नव्हते. बेळगावजवळच्या राजहंसगडावर मार्च २०२३ मध्ये जे घडले, त्याने आमची ही समजूत डळमळली. २ मार्च रोजी मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी गडावरील पुतळ्याचे अनावरण केले. तीनच दिवसांनी, ५ मार्चला, आमदार लक्ष्मी हेब्बाळकर यांच्या पुढाकाराने त्याच पुतळ्याचे पुन्हा अनावरण झाले. निधी कोणी आणला, एवढाच वादाचा मुद्दा होता. आणि विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. पुढे १९ मार्चला महाराष्ट्र एकीकरण समितीने दुग्धाभिषेक करून शुद्धीकरणही केले.

शिवस्मारकावरून भांडणे पूर्वीही झाली. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली पोवाड्यातून उभा केलेला शेतकऱ्यांचा राजा आणि टिळकांच्या उत्सवातील शिवाजी हे एक नव्हेत. पुण्यातील स्मारकाची कोनशिला शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली, ती असहकारवाद्यांचा युवराजांवर बहिष्कार चालू असताना. स्वराज्य स्थापणाऱ्याचे स्मारक परक्या युवराजाच्या हातून, ही विसंगती आम्हांला आजही बोचते. तरीही महाराज कोणाचे, हा प्रश्न शाहूंनी त्यातून धसाला लावला, हे नाकारता येणार नाही. नानासाहेब करमरकरांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली तेथे उभा राहिला. त्या काळच्या भांडणांत निदान शिवाजी कोण, याविषयी मतभेद होता. राजहंसगडावर तो नव्हता. तेथे दोन्ही बाजूंचा शिवाजी एकच होता. वेगळी होती ती फक्त श्रेयाची पाटी.

या पाटीपुढे आम्हांला १८९५ सालचा 'केसरी' आठवतो. रायगडावरील समाधीची दुर्दशा जेम्स डग्लस या इंग्रजाने १८८३ साली छापून दाखवली, तेव्हा आपल्याला जाग आली. सरकारने दुरुस्तीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर केले. पाच रुपये! टिळकांनी वर्गणी सुरू केली आणि देणाऱ्यांच्या याद्या छापल्या. आमच्या मते त्या याद्या हे शिवस्मारकाच्या साहित्यातील सर्वांत वाचनीय प्रकरण होय. ज्याने पदरचे दिले त्याचे नाव तेथे येई, रक्कम कितीही लहान असो. आजच्या पाटीवर नाव येते ते लोकांच्या करातून खर्च करणाऱ्याचे. कर भरणारा त्या पाटीवर नसतो.

बेळगाव लांब आहे, असे म्हणून बिदर-कलबुर्गीकरांना सुटता येणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये बसवकल्याणची पोटनिवडणूक समोर असताना येडियुरप्पांनी मराठा समाजासाठी विकास मंडळ आणि पन्नास कोटी रुपये जाहीर केले. कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. एप्रिल २०२१ मध्ये मतदान झाले. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कन्नड शेजाऱ्यांशी सोयरिकीसारखा घरोबा राखला, ती घरे एका घोषणेने त्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर आली. आणि घोषणा करणाऱ्यांनी त्यांना विचारलेही नव्हते. आमच्यापैकी अनेकांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या. मराठी शाळांना शिक्षक मिळावेत, या जुन्या मागणीचे काय झाले, हे त्या सभांत आम्हीही विचारले नाही.