पाठपिशवीची समीक्षा

मराठीत नाटकाची समीक्षा होते, कादंबरीची होते, कवितेची तर कविता कळायच्या आधीच होते. पिशवीची मात्र कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक कादंबरी माणसाला फार तर आठवडाभर धरावी लागते, पिशवी जन्मभर. शबनम तर समीक्षकांच्याच खांद्याला वर्षानुवर्षं लोंबत होती. पण आत कोंबलेल्या पुस्तकांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या या मंडळींना तिच्याविषयी दोन ओळी खरडाव्याशा वाटल्या नाहीत. तेव्हा हे काम एका बी. कॉम. झालेल्या बँकेतल्या कारकुनावर येऊन पडलं, तर त्यात कारकुनाचा दोष नाही.

निमित्त झालं आमच्या भाच्याचं. तो इंग्लंडात असतो. तिकडे सुट्टीच्या दिवशी लोक शेतमालकाची परवानगी काढतात आणि लांब दांड्याला खाली तबकडी बसवलेलं एक यंत्र रानातून फिरवतात. जमिनीत धातू असला की यंत्र कुईकुई करतं, आणि मंडळी गुडघे टेकून उकरू लागतात. याला ते छंद म्हणतात. आपल्याकडे झारेकरी सोनाराच्या दुकानापुढची धूळ झाडून न्यायचे, ती पाण्यात धुवायचे आणि सोन्याचा कण वेगळा काढायचे. त्याला कुणी छंद म्हटलं नाही, कारण त्यावर घर चालायचं.

"मामा, हे यंत्र घेऊन साखरखेर्ड्यात एक अख्खा दिवस काढायचाय. पाठीवर कुठली पिशवी बरी?" भाच्याने विचारलं, आणि माझ्यातला समीक्षक जागा झाला.

प्रथम परंपरेचा आढावा घेऊ. शबनम दिसायला विचारवंत, पण भार एकाच खांद्यावर टाकणारी. यंत्र उजवीकडून डावीकडे फिरलं की ही डावीकडून उजवीकडे जाते, आणि माणूस वाकला की तोंडासमोर येऊन उभी राहते. वायरची पिशवी बाजाराची राणी; पण तिला एक हात द्यावा लागतो. एका हातात यंत्र, दुसऱ्यात खुरपं, म्हणजे तिसरा हात हवा आणि ती सोय फक्त देवादिकांना आहे. होल्डॉलबद्दल इतकंच, की त्याच्याबरोबर हमालही घ्यावा लागेल. वारकऱ्याची पडशी मात्र मला वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून मनापासून आवडते. पुढे एक कप्पा, मागे एक कप्पा. जमा आणि नावे दोन्ही बाजू सारख्या. चालणाऱ्यासाठी याहून बरी व्यवस्था नाही. पण यंत्रवाल्याला दिवसातून पन्नास वेळा वाकावं लागतं, आणि वाकलं की जमेची बाजू चिखलात.

राहिली दोन पट्ट्यांची सॅक. इथे खरी समीक्षा सुरू होते, कारण सॅक दुकानात सगळ्यांनाच बसते. पाठीला बसते की नाही ते दुपारी कळतं. त्यासाठी मान पुढे झुकवावी. मानेच्या तळाशी जे हाड टोचतं, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचं अंतर फितीने मोजावं. सॅकचं माप ते. माणूस सहा फुटी असूनही पाठ आखूड असू शकते. उंचीवरून सॅक घेणं म्हणजे आडनावावरून कर्ज देणं. मग कमरेचा रुंद पट्टा पाहावा. वजन कमरेने पेलायचं असतं; खांद्यांचं काम ते मागे पडू न देणं एवढंच. छातीवरचा आडवा पट्टा दुकानात निरुपयोगी वाटतो, पण वाकल्यावर खांद्यांवरचे पट्टे बाजूला घसरत नाहीत ते त्याच्याच कृपेने.

आता आकडेमोड. उकरायचं अवजार अर्धा किलो, डबा एक किलो, पाणी दोन लिटर म्हणजे दोन किलो. यंत्र सुटं करून आत ठेवलं तर आणखी दीड. बेरीज पाच किलो. याला वीस-पंचवीस लिटरची सॅक पुष्कळ झाली. त्याहून मोठी घेतली की रिकाम्या जागेत घरची माणसं स्वेटर आणि चिवडा भरतात. जड वस्तू पाठीच्या कण्याला लागून ठेवावी. पाण्याची बाटली बाहेरच्या टोकाला लटकावली की दोन किलोचे चार वाटतात.

आणखी एक बारकावा. बकला प्लास्टिकच्या हव्यात. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल आपलं धातुशोधक यंत्र घेऊन गेले. यंत्राने गोंधळ घातला; त्याचं एक कारण असं सांगतात, की गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. अध्यक्षांच्या पलंगाने जिथे दगा दिला, तिथे आपल्या बकलांची काय कथा? त्यातून आमचा मुलूख काळ्या दगडाचा. त्या मातीतच लोहाचा अंश इतका, की यंत्र आधीच कुरकुरत असतं. त्यात सॅक शेजारी ठेवून उकरायला बसलं की तेही कुरकुरणार आणि तुम्हीही.

इथवर झाला घाट. समीक्षेत यानंतर आशय येतो. म्हणजे पिशवीत येताना काय असावं? इथे भाच्याचं आणि माझं बिनसलं.

साखरखेर्डा म्हणजे सिंदखेडराजा तालुक्यातलं साधं गाव नव्हे. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, निजाम जिंकला, गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं आणि हैदराबादच्या त्या राज्याचा पाया इथे पक्का झाला. ते राज्य पुढे १९४८ पर्यंत टिकलं. भाच्याला त्या रानातली एक शिशाची गोळी हवी होती. "एकच मामा, आठवण म्हणून."

मी म्हटलं, "बाबा रे, गोळी म्हणजे कीर्दीतली एक नोंद आहे. ती जिथे पडली तिथे असेल, तरच कोण कुठून कुणावर झाडत होतं हे कळेल. तू ती खिशात घातलीस की शिशाचा गोळा उरतो आणि पान फाटतं." बँकेत पान फाडणाऱ्याचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. शिवाय कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणं बंधनकारक केलं. दहा रुपये! त्या काळी ती रक्कम असेल. आज सॅकची चेनसुद्धा त्यात दुरुस्त होत नाही. आणि १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुनी नाणी-मूर्ती कुणा खाजगी माणसाला देशाबाहेर नेऊ देत नाही. म्हणजे इंग्लंडला जाताना सॅक रिकामीच.

तिसरी गोष्ट गावाची. फुगलेली पिशवी घेऊन रानात उकरणारा माणूस दिसला की 'गुप्तधन' हा शब्द एस. टी.च्या आधी तालुक्याला पोचतो. त्या शब्दापायी लोकांनी बळी दिले आहेत. २०१३ साली राज्याला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्यात गुप्तधनाचाही उल्लेख आहे.

शेवटी तडजोड झाली. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या सोयाबीन काढलेल्या वावरात, दिवसाउजेडी आणि त्याच्याच सांगण्यावरून यंत्र फिरलं. "काय हरपलं साहेब?" बांधावरून जाणारा येणारा विचारायचा. हरपलं होतं घरच्या बाईचं जोडवं, निंदताना. सकाळपासून तीन खिळे, कुंपणाच्या तारेचा तुकडा, दोन बाटल्यांची झाकणं आणि बैलाच्या खुराची झिजलेली पत्री निघाली. चार वाजता जोडवं निघालं. १९९२ साली इंग्लंडात हॉक्सन गावी एक गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते, तर रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी लागली. भल्या माणसाने थोडंसं उकरून हात आवरला आणि सरकारला कळवलं. बाकीचं जाणकारांनी जागच्या जागी नोंद करत काढलं. त्यांना हातोडा शोधताना खजिना सापडला, आम्हाला जोडवं शोधताना जोडवं. बाईच्या चेहऱ्यावरून दोन्हींत फरक दिसत नव्हता.

तर निष्कर्ष. उत्तम पाठपिशवी पाठीच्या मापाची, कमरेवर बसणारी, वीस-पंचवीस लिटरची, प्लास्टिकच्या बकलांची. तिला बाहेरून एक मजबूत कप्पा हवा, उकरलेले खिळे-झाकणं घरी आणण्यासाठी. ती परत वावरात टाकली तर उद्या बैलाच्या पायात जातात. आत एक छोटी वही-पेन्सिल हवी, कारण कधी हॉक्सनसारखं काही लागलंच तर उकरायचं थांबून आधी लिहायचं असतं. खजिन्यासाठी कप्पा नको. आशयाला जागाच न ठेवलेली कलाकृती म्हणून एरवी मी तिच्यावर टीका केली असती. पण भाच्याची पाठ दुसऱ्या दिवशी दुखली नाही.