‘अविचारी’ या शब्दाचा विचार

रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबाराला आपला पांढरपेशा समाज ‘अविचारी हिंसा’ म्हणतो, हळहळतो आणि मोकळा होतो. या शब्दात कर्ताच नाही. वीज पडावी तशी गोळी लागली, एवढेच त्यातून कळते.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या या वस्तीत बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार आढळला. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या; १० माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे समर्थन झाले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप व्हायला २००९ साल उजाडले. अपिलात त्यांना जामीन मिळाला.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचे मोल इथे आहे. गोळीबारानंतर चारच दिवसांनी आत्महत्या करणारे शाहीर विलास घोगरे त्याच्या केंद्रस्थानी आहेत. पण तो शोकापाशी थांबत नाही. दलितांच्या गर्दीला नाक मुरडणाऱ्या सुशिक्षितांनाही तो बोलते करतो. हिंसेची भूमी तिथे दिसते.

माझा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, पुतळ्यासाठी एवढे कशाला?” मेलेली १० माणसे त्याच्या प्रश्नात नव्हतीच. तो दुष्ट नाही. त्याला हा प्रश्न घरातून, वर्तमानपत्रातून आयता मिळाला आहे. हिंसेला अविचारी म्हणणारी आपली समीक्षा त्याला दुसरे काय शिकवणार?