लोप पावणारी साधनसंपत्ती आणि खेळाडूचा रोष : ‘सिव्हिलायझेशन ३’ या संगणकीय खेळाची खानदेशाच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेला मराठीत दीर्घ परंपरा आहे. संगणकीय खेळांच्या वाट्याला मात्र ‘वेळेचा अपव्यय’ किंवा ‘मुलांवरील दुष्परिणाम’ या दोन शीर्षकांपलीकडे फारसे काही आलेले नाही. योहान हॉयझिंगा यांनी १९३८ मध्येच ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ ही संस्कृतीच्या मुळाशी असणारी क्रिया असल्याचे प्रतिपादन केले होते. पुढे इयान बोगोस्ट यांनी ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात संगणकीय खेळ शब्दांपेक्षा नियमांच्या द्वारे युक्तिवाद करतो, अशी मांडणी केली. ही मांडणी स्वीकारली तर एखादा खेळ जगाविषयी काय म्हणतो हे जाणून घेण्यासाठी त्याची चित्रे व कथा यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, त्याचे नियम वाचावे लागतात. प्रस्तुत लेखात अशाच एका नियमाचे वाचन जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर केले आहे.

नियम आणि त्याविषयीची तक्रार

सिड मायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेतील ‘सिव्हिलायझेशन ३’ हा खेळ फिराक्सिस या संस्थेने तयार केला व तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अश्मयुगाच्या अखेरीपासून अंतराळयुगापर्यंत एका समाजाची वाटचाल घडविणे हे त्यातील खेळाडूचे काम होय. या मालिकेत सामरिक साधनसंपत्तीची कल्पना याच खेळाने रुजविली. घोडे, लोखंड, सोरा, कोळसा, रबर, खनिज तेल, अॅल्युमिनियम आणि युरेनियम ही ती आठ साधने. संबंधित शोध लागेपर्यंत ती नकाशावर दिसत नाहीत. तलवारधारी सैनिक हवे असतील तर लोखंडाचा साठा आपल्या सीमेत असून रस्त्याने शहराशी जोडलेला असावा लागतो, आणि रेल्वेमार्ग टाकायचा तर लोखंड व कोळसा दोन्ही लागतात.

वादाचा मुद्दा यापुढचा आहे. घोड्यांसारखे अपवाद सोडता यांपैकी कोणताही साठा एखाद्या पाळीत अकस्मात संपू शकतो. पडद्यावर तशी सूचना झळकते, नकाशावरील खूण नाहीशी होते आणि तोच पदार्थ जगाच्या दुसऱ्याच एखाद्या कोपऱ्यात, बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या भूमीत, प्रकट होतो. पूर्वी उभे केलेले सैन्य टिकून राहते. नवे उभारता येत नाही. मग शेजाऱ्याकडून महाग दराने लोखंड विकत घ्यावे किंवा त्यासाठी युद्ध करावे, हे दोनच मार्ग उरतात. शंभर पाळ्यांची आखणी अशा एका सूचनेने कोलमडते, याचा खेळाडूंना विलक्षण संताप येतो. मागे जतन केलेला डाव पुन्हा उघडावा, तर यादृच्छिक क्रम जपून ठेवण्याची सोय खेळात असल्याने तीच कृती केल्यास तोच निकाल हाती येतो. अनेक खेळाडूंनी खेळासोबत येणाऱ्या संपादकात जाऊन लोपाची शक्यता शून्यावर नेऊन ठेवली, हे त्यांच्या रोषाचे बोलके प्रमाण म्हणता येईल.

हा रोष बालिश म्हणून सोडून देता येत नाही. साठा संपतो याला बहुतेक खेळाडूंचा आक्षेप नसतो. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये सोन्याची खाण खणता खणता संपते, झाड तोडता तोडता नाहीसे होते, शेत काही काळाने निःसत्त्व होऊन पुन्हा लाकूड खर्चून पेरावे लागते. तेथे खेळाडू फारशी कुरकूर करीत नाही, कारण किती काढले आणि किती उरले याचा हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर असतो. ‘सिव्हिलायझेशन ३’ मध्ये एका साठ्यावर दहा सैनिक उभारले काय किंवा शंभर उभारले काय, लोपाची शक्यता तितकीच राहते. काटकसरीला तेथे फळ नाही आणि उधळपट्टीला शिक्षाही नाही. नियमात कार्यकारणभाव नाही, ही या तक्रारीमागची खरी वेदना आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीनेही ती ग्राह्य मानली पाहिजे.

पाण्याचे काय?

खानदेशातील वाचकाने या नियमांकडे पाहिले तर त्याला आणखी एक गोष्ट खटकेल. जी गोष्ट या प्रदेशात प्रत्यक्ष नाहीशी होत आहे ती या खेळात कधीच संपत नाही. सिंचनासाठी प्रारंभी नदी किंवा गोड्या पाण्याचे सरोवर लागते. तेथून पाणी एका चौकटीतून पुढच्या चौकटीत नेता येते. ही साखळी कितीही लांबविली तरी शेवटच्या शेताला पहिल्याइतकेच पाणी मिळते. पाटाच्या शेपटाकडील शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल. पुढे ‘वीज’ हा शोध लागला की गोड्या पाण्याच्या स्रोताची अटच उठते आणि कोठेही, कितीही सिंचन करता येते.

हा नियम लिहिणाऱ्यांच्या मनात खानदेश असण्याचे कारण नाही. तरीही १९६० नंतरच्या दशकांत विजेच्या पंपाने येथील शेतीत जे घडविले त्याचे इतके नेमके आणि इतके अपुरे वर्णन क्वचितच सापडेल. तापीच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या गाळाच्या पट्ट्यात, म्हणजे यावल, रावेर आणि चोपडा या तालुक्यांत, विहिरी व कूपनलिकांच्या बळावर केळीची शेती विस्तारली. नदीपासून दूर असलेल्या शेतालाही पाणी मिळू लागले. येथवर खेळाचा नियम खरा ठरतो. परंतु पाणी पंपातून येत असले तरी ते सातपुड्यातून उतरणाऱ्या प्रवाहांनी पायथ्याशी जमिनीत मुरविलेले असते, आणि मुरते त्यापेक्षा अधिक उपसले की पातळी खाली जाते. भूजलाच्या शासकीय मूल्यमापनांत यावल व रावेर यांची नोंद अतिशोषित तालुके म्हणून झालेली आहे. ठिबक सिंचनाच्या उद्योगाचे जळगाव हे देशातील एक प्रमुख केंद्र असूनही हे घडले, याचीही दखल घ्यावी लागते. वाचलेल्या पाण्यावर नवे क्षेत्र ओलिताखाली आले तर एकूण उपसा घटेलच असे नाही.

येथे मात्र खेळाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. आपल्या बांधाच्या आत उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्याची कूपनलिका आटणे आणि ‘सिव्हिलायझेशन ३’ मधील लोखंड नाहीसे होणे यांत अनुभवाच्या पातळीवर फरक थोडाच आहे. त्याने काटकसर केली होती. शेजाऱ्याने त्याहून खोल बोअर घेतले आणि याचे पाणी गेले. स्वतःच्या उपशाचे व स्वतःच्या हानीचे प्रमाण जुळत नाही. त्यामुळे घटना दैवाधीन भासते आणि पुढची कूपनलिका घेणे म्हणजे पुन्हा फासे टाकणे ठरते. खेळाचा नियम कारणाच्या बाबतीत खोटा, पण अनुभवाच्या बाबतीत बराचसा खरा आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने जमीनधारकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा जो हक्क मान्य केला, त्यातच ही स्थिती अनुस्यूत आहे. प्रत्येकाला स्वतंत्र फासा मिळाला. पट मात्र सर्वांचा एकच राहिला.

फडाचा नियम

धुळे जिल्ह्यात याच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर काही शतके अस्तित्वात होते. साक्री तालुक्यातील पांझरा व परिसरातील नद्यांवर बंधारे घालून, पाटाने पाणी नेऊन चाललेली फड पद्धती सिंचनाच्या अभ्यासकांना परिचित आहे. बंधाऱ्याखालील लाभक्षेत्र म्हणजे थळ. त्याचे विभाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यायचे आणि कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात हंगामी पीक व कोणता फड पडीक, हे लाभधारकांनी मिळून ठरवायचे. नदीचे पाणी कमी दिसले की उसाचा फड आक्रसतो आणि पडीक क्षेत्र वाढते. पाणी वाटण्याचे काम शेतकऱ्याकडे नसून पाटकऱ्याकडे असते.

खेळाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे टंचाई ही आगाऊ जाहीर झालेली आणि सर्वांत वाटलेली चाल आहे. कोणाचे शेत कोरडे राहणार हे फाशावर सोडलेले नाही. गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या सामायिक साधनांच्या शोकांतिकेला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जे उत्तर दिले त्याचे हे देशी उदाहरण मानता येईल. अर्थात फडाचे गौरवीकरणही टाळले पाहिजे. थळाबाहेरच्या जमिनीला आणि भूमिहीनाला या व्यवस्थेत स्थान नव्हते. शिवाय वरच्या अंगाची धरणे, खासगी विहिरी व विजेचे पंप आल्यावर तिची पकड बहुतेक ठिकाणी सैल झाली. ज्याच्या शेतात स्वतःची विहीर आहे त्याला पाटकऱ्याची वाट पाहण्याचे प्रयोजन उरत नाही.

मालिकेचा पुढील प्रवास

खेळाडूंच्या रोषाची परिणती काय झाली, हेही पाहण्यासारखे आहे. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत हा आकस्मिक लोप राहिला नाही. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत साठ्याला संख्या मिळाली. एकाच वेळी किती सैन्यदले उभी करता येतील यावर त्यामुळे मर्यादा आली, साठा मात्र अक्षय राहिला. सहाव्या आवृत्तीच्या २०१९ मधील ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारात कोळसा व तेल इंधन म्हणून प्रत्येक पाळीत खर्ची पडू लागले आणि त्यांच्या ज्वलनाने समुद्राची पातळी वाढू लागली. कार्यकारणभाव परत आला, ही प्रगतीच होय. तथापि नकाशावरील खाण तेव्हाही आटत नाही. खेळाडूच्या नाराजीपुढे रचनाकारांनी लोपाला कारण देण्याऐवजी आधी लोपच काढून टाकला, हा क्रम अर्थपूर्ण आहे. विजेचे दर आणि कूपनलिकांवरील निर्बंध यांविषयीच्या लोकप्रिय मागण्यांचा क्रमही यापेक्षा फार निराळा असतो, असे म्हणवत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने या खेळाची उपयुक्तता कर्ट स्क्वायर यांनी २००४ मधील आपल्या प्रबंधात तपासली होती. तेथे विषय जगाचा इतिहास हा होता. उत्तर महाराष्ट्रातील महाविद्यालयांत भूगोल किंवा अर्थशास्त्र विभागाला तो वापरावयाचा झाल्यास संपादकाचा उपयोग अधिक होईल. त्यात प्रत्येक साधनापुढे लोपाच्या शक्यतेचा एक आकडा भरता येतो. विद्यार्थ्यांनी तो आकडा बदलून डाव खेळावा आणि त्यानंतर शेजाऱ्याच्या उपशानुसार तो आपोआप बदलेल अशी तरतूद करता येते का, ते शोधावे. तशी तरतूद संपादकात नाही. वीज आल्यावरही पाण्याला मर्यादा घालण्याची सोय नाही, आणि दोन खेळाडूंनी मिळून एखादी चौकट यंदा पडीक ठेवण्याचा करार करण्याचीही नाही. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण प्रकल्पाच्या सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या केल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरविण्याची ही योजना पार पडली, तर मुरलेले पाणी कोणी, किती आणि कोणाला विचारून उपसावे हा प्रश्न यावल व रावेरच्या प्रत्येक शिवारात उभा राहील. त्याची चर्चा वर्गात आधी करण्यासाठी या अपुऱ्या संपादकाइतके स्वस्त साधन सध्या तरी दुसरे दिसत नाही.