रोमन पंगतीतला पंक्तिप्रपंच

लॅटिन उपरोधिक काव्याचा अभ्यास गेली सत्तर वर्षे मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. कवितेत जो ‘मी’ चिडून बोलतो, तो कोण? लुसिलिअस, होरेस, पर्सिअस, ज्युव्हेनल या चौघांबद्दलही तो विचारला गेला. खरा वाद पेटला तो मात्र ज्युव्हेनलवरून.

1954 साली गिल्बर्ट हायेट यांनी ज्युव्हेनलवर पुस्तक लिहिले आणि कवितांमधूनच कवीचे चरित्र उभे केले. हद्दपारी, दारिद्र्य, अपमान सगळे त्यात आले. मार्शलच्या तीन कवितांमधले उल्लेख सोडले, तर ज्युव्हेनलविषयी समकालीनांनी लिहिलेले काहीच हाती नाही. अशा परिस्थितीत हा डोलारा टिकणे कठीण होते. विल्यम अँडरसन यांनी 1960च्या दशकात दाखवून दिले, की हा संताप वक्तृत्वाच्या शाळेत घडलेला आहे. बोलणारा माणूस हे कवीने रचलेले पात्र आहे आणि त्याच्या अतिरेकाकडेही वाचकाने चिकित्सकपणे पाहायचे आहे. हे मोठे काम होते. त्याने कवितेला कविता म्हणून वाचायला शिकवले.

पण पुढे हा पात्राचा मुखवटा फार सोयीचा झाला. स्त्रियांवर तुटून पडणारी सहावी कविता असो, की ग्रीकांविषयीचा द्वेष ओकणारी तिसरी, ‘हे कवी नव्हे, पात्र बोलते आहे’ एवढे म्हटले की अभ्यासक मोकळा. एमी रिचलिन यांनी 1983च्या ग्रंथात विचारले, की ही थट्टा कोणाच्या अंगावर पडते आणि ती ऐकून कोण हसते? माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत गरजेचा प्रश्न आहे.

पाचवी कविता घ्या. व्हिरो हा धनिक यजमान, ट्रेबिअस त्याचा आश्रित. पंगत एकच, पण यजमानापुढे शतावरीच्या कोंबांनी सजवलेला झिंगा आणि आश्रितापुढे अर्ध्या अंड्यासोबत खेकडा. व्हिरोला मऊ पांढरा पाव, ट्रेबिअसला बुरशी आलेला, दाताला न तुटणारा. पांढऱ्या पावाकडे हात गेलाच, तर वाढणारा गुलाम त्याला दटावतो. तेलसुद्धा वेगळे: एकाला व्हेनाफ्रमचे उत्तम, दुसऱ्याला दिव्यात जाळायच्या लायकीचे.

ही निव्वळ अतिशयोक्ती म्हणावी, तर रोमन लेखक धाकट्या प्लिनीचे एक पत्र आडवे येते. त्याने पाहिलेल्या जेवणात तीन दर्जांची वाइन होती: यजमान आणि त्याच्या बरोबरीचे एकीकडे, कमी मानाचे मित्र दुसरीकडे, मुक्त झालेले गुलाम तिसरीकडे. मार्शलही हीच तक्रार करतो. तिघांच्या भूमिका वेगळ्या, लेखनप्रकारही वेगळे, तरी ताटातला भेद सारखाच. आवाज रचलेला असेल, पण पंक्तिप्रपंच रचलेला नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कवितेचा शेवटचा वार व्हिरोवर नाही, ट्रेबिअसवर आहे. हे सारे जो सहन करतो तो त्याच लायकीचा, असे बोलणारा ठरवतो. या निकालाला उत्तर द्यायला ट्रेबिअसला एकही ओळ मिळत नाही. प्लिनी सर्वांना सारखे वाढतो, पण त्याच्या पत्रातही न्यायाचा निकष यजमानाचा चांगुलपणाच. पाव नाकारणाऱ्या गुलामाचे काय, हे दोघेही विचारत नाहीत.

अलीकडच्या अभ्यासात समाजाकडे पुन्हा लक्ष वळले आहे. जेम्स उडेन यांनी 2015 साली ज्युव्हेनलला दुसऱ्या शतकातल्या रोमच्या बौद्धिक वातावरणात ठेवून वाचले. एमिली गॉवर्स यांनी तर 1993मध्येच लॅटिन साहित्यातल्या अन्नाचा अर्थ उलगडला होता. ही दिशा बरोबर आहे. मात्र कवीच्या ‘मी’वर जितकी पाने खर्ची पडली, तितकी त्या वाढप्यावर अजून पडलेली नाहीत.

ज्यांना हे काव्य नव्याने वाचायचे आहे त्यांनी पाचव्या कवितेपासून सुरुवात करावी. शेजारी प्लिनीच्या दुसऱ्या पुस्तकातले सहावे पत्र आणि मार्शलच्या तिसऱ्या पुस्तकातली साठावी कविता ठेवावी, आणि तिन्ही एकाच बैठकीत वाचावीत.