चालण्याचा खेळ व खेळणारांचीं मतें

‘डिअर एस्थर’ या इंग्रजी संगणक-खेळाविषयीं गेल्या कांहीं वर्षांत जें लिहिलें गेलें, त्यांतील पुष्कळसा भाग एकाच प्रश्नानें व्यापिला आहे: हा खेळ आहे कीं नाहीं? आमच्या मतें हा प्रश्न विचारणारांनीं व त्याला हिरिरीनें उत्तर देणारांनीं मिळून एका कृतीवर अन्याय केला. नांवाच्या या भांडणांत ती कृति कोठें चांगली उतरली व कोठें फसली हें पाहण्याचें राहूनच गेलें.

ज्या वाचकांना या खेळाचा परिचय नाहीं, त्यांच्यासाठीं त्याची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. इंग्लंडांतील पोर्ट्‌स्मथ विद्यापीठांत डॅन पिंचबेक हे या खेळांचें संशोधन करीत असत. बंदूक घेऊन शत्रु टिपण्याच्या लोकप्रिय खेळांतून बंदूक, शत्रु, कोडीं, गुण व हारजीत हें सर्व वजा केलें, तर बाकी काय उरतें, हें त्यांना पाहावयाचें होतें. २००४ सालच्या ‘हाफ-लाइफ २’ या गाजलेल्या खेळाची यंत्रणा वापरून त्यांनीं आपला प्रयोग २००८ मध्यें लोकांना मोफत दिला. पुढें रॉबर्ट ब्रिस्को या कलावंतानें त्यांतील बेट मुळापासून नव्यानें घडविलें, जेसिका करी यांनीं संगीत दिलें, आणि १४ फेब्रुवारी २०१२ रोजीं तो विक्रीस आला. त्यांत घातलेला पैसा सहा तासांच्या आंत वसूल झाला. संशोधनांतून निघालेल्या वस्तूच्या वांट्यास असें भाग्य क्वचितच येतें.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस हेब्रिडीज नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांतील एका निर्जन बेटाच्या किनाऱ्यावर, दीपगृहाजवळ, आपण उभे असतों. पुढें जाणें, मागें येणें, मान वळविणें व दूरची वस्तु जरा निरखून पाहणें, एवढेंच आपल्या स्वाधीन आहे. धांवतां येत नाहीं, उडी मारतां येत नाहीं, कांहीं उचलतां येत नाहीं. अंधारांत विजेरीसुद्धां आपली आपणच लागते. खोल पाण्यांत शिरलें तर मरण येत नाहीं. परत येण्याविषयीं एक कुजबुज कानीं पडते आणि आपण पुन्हां किनाऱ्याशीं येतों. वाटेंत ठरलेल्या ठिकाणीं पोंचलें कीं एका पुरुषाचा आवाज एस्थरला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचूं लागतो. एस्थर मोटारीच्या अपघातांत गेली, एवढें हळूहळू उमगतें. दीडएक तासांत आपण बेटाच्या माथ्यावरील तांबड्या दिव्याच्या उंच खांबापाशीं पोंचतों, आणि खेळ संपतो.

असे खेळ ज्या ‘स्टीम’ नांवाच्या दुकानांत विकले जातात, तेथें विकत घेणारा प्रत्येक जण आपलें मत लिहूं शकतो. त्याला शिफारस करावी लागते किंवा नाकारावी लागते. अंगठा वर किंवा अंगठा खालीं, मधला मार्ग नाहीं. मताशेजारीं त्यानें तो खेळ किती तास खेळला याचा आंकडा आपोआप उमटतो. प्रतिकूल मतें वाचीत गेलें कीं कांहीं तक्रारी पुन्हां पुन्हां भेटतात. करावयास कांहीं नाहीं. चाल गोगलगाईची आहे. एवढ्याशा वेळासाठीं पैसे कां मोजावेत. आणि सरतेशेवटीं, हा मुळीं खेळच नव्हे.

या शेवटच्या तक्रारीचा निकाल मराठी माणसाला चटकन लावतां येण्यासारखा आहे. इंग्रजींत ‘गेम’ म्हटलें कीं नियम, चढाओढ व जय-पराजय हीं त्याच्या मागोमाग येतात. म्हणून जेथें हरतां येत नाहीं त्याला ‘गेम’ कसें म्हणावें, असा घोळ तिकडे होतो. आपल्याकडे विटीदांडू हा खेळ आणि कळसूत्री बाहुल्यांचाही खेळच. दशावताराचा खेळ रात्रभर चालतो. बोलपटाचा पहिला खेळ चुकला तर आपण दुसऱ्याला जातों. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ मध्यें सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हांपासूनच्या नाटकांचेही खेळच होत आले. चढाओढ आणि देखावा या दोहोंना ज्या भाषेनें एकच शब्द दिला, तिच्या वाचकानें हा खेळ आहे काय असें विचारूं नये. खेळ रंगला काय, असें विचारावें.

‘वॉकिंग सिम्युलेटर’, म्हणजे नुसती चालण्याची नक्कल, हें नांवही प्रथम कुचेष्टेनेंच पडलें. २०१४ मध्यें त्या दुकानानें खेळांवर हव्या त्या चिठ्ठ्या चिकटविण्याची मुभा गिऱ्हाइकांना दिली, तेव्हां ही कुचेष्टा चिठ्ठी बनून दुकानाच्या फळीवर जाऊन बसली. पुढें ‘गॉन होम’, ‘फायरवॉच’, ‘व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच’ अशा खेळांची एक शाखाच त्या नांवानें ओळखली जाऊं लागली, आणि आज तें नांव शिवी म्हणून कोणी घेतलें तरी फारसें लागत नाहीं.

करावयास कांहीं नाहीं, ही तक्रार मात्र आम्हांला निराळ्या योग्यतेची वाटते. या खेळाच्या चाहत्यांनीं तिच्याकडे तुच्छतेनें पाहिलें. वास्तविक सर्व मतांत तीच अधिक डोळस आहे. रचनाकारानें जें बुद्ध्या काढून घेतलें, नेमकें त्याचेंच नसणें या गिऱ्हाइकाच्या हाताला जाणवलें. बंदूक धरण्याची संवय झालेला हात रिकामा राहिला, कीं तो अस्वस्थ होतो. कळ शोधतो, दार चांचपतो, कांहीं तरी उचलूं पाहतो. आणि गेलेल्या माणसासाठीं आतां करण्यासारखें कांहींच उरलेलें नाहीं, हाच तर त्या पत्रांचा विषय आहे! तेव्हां तक्रार करणारानें या कृतीचा परिणाम अचूक नोंदविला. त्याचें चुकलें तें इतकेंच, कीं तो परिणाम त्यानें दोषांच्या खात्यांत मांडला. उलट मनाला शांति लाभली म्हणून अंगठा वर करणाऱ्यानें तो परिणाम चाखलाच नाहीं, असें आम्हांस वाटतें. बायको गमावलेल्या माणसाच्या बेटावर दीड तास हिंडून ज्याला थंड हवेच्या ठिकाणाहून परतल्यासारखें वाटलें, त्याच्या स्तुतीचा रचनाकाराला उपयोग काय?

कोणी म्हणतील, मग याचा चित्रपटच कां केला नाहीं? या शंकेची परीक्षा अनायासें झालेली आहे. २०१६ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या बार्बिकन सभागृहांत ‘डिअर एस्थर’चा जाहीर प्रयोग झाला. वादकांनीं संगीत प्रत्यक्ष वाजविलें, निवेदन प्रत्यक्ष झालें, एक जण तेथेंच बसून खेळला आणि बाकीचे पाहात राहिले. मराठी अर्थानें तो सोळा आणे खेळ झाला. तथापि त्या प्रेक्षकांना एका गोष्टीस मुकावें लागलें. समुद्राकडे तोंड करून थांबावेंसें वाटलें, तर दुसऱ्यानें थांबेपर्यंत वाट पाहणें त्यांना भाग होतें. घरीं खेळणारानें कळीवरचें बोट उचललें कीं चालणें थांबतें. वारा वाहात राहतो, गवत हलत राहतें, पत्र पुढें सरकत नाहीं. पुढचें दुःख ऐकावयाचें कीं नाहीं आणि केव्हां, एवढें एकच स्वातंत्र्य या खेळानें हातीं ठेविलें आहे, आणि चित्रपटाला तें देतां येत नाहीं.

म्हणूनच चालीविषयींची तक्रार आम्ही अर्धीच मान्य करितों. पहिल्या वाटेवर ती मंद चाल योग्य आहे. तिच्यामुळें बेट डोळ्यांत भरतें. पण कुतूहलानें कोणी आडवाटेस लागून खालच्या चौपाटीवर उतरला, तर तीच सबंध वाट त्याला त्याच चालीनें, बहुधा कांहींही न ऐकतां, परत चढावी लागते. सरळ चालणाराला कथा मिळते आणि शोधक माणसाला पायपीट. हा रचनेचा उघड दोष आहे आणि तेथें कुरकुर करणारांचें म्हणणें रास्त आहे. याच मंडळींच्या ‘एव्हरीबडीज गॉन टु द रॅप्चर’ या २०१५ सालच्या खेळांत तर याहून मौज झाली. १९८४ सालच्या इंग्लंडांतील श्रॉपशरमधल्या एका ओस पडलेल्या कल्पित गांवांत हा खेळ घडतो. तेथें चाल वाढविण्याची कळ होती, ती दाबून धरली कीं वेग हळूहळू चढत असे. परंतु सूचनांत तिचा उल्लेखच राहून गेला. लोकांनीं संथपणाबद्दल बोटें मोडलीं आणि मागाहून रचनाकारांना त्या कळीची माहिती जाहीर करावी लागली. अशा वेळीं गिऱ्हाइकाच्या अरसिकपणावर व्याख्यान देणें शोभत नाहीं.

पैशांच्या प्रश्नाला मात्र हंसून चालणार नाहीं, कारण त्यांत अशा लहान कृतींच्या पोटापाण्याची गोष्ट आहे. २०१५ च्या जूनमध्यें ‘स्टीम’नें नियम केला, कीं खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करून पैसे मागतां येतील. पन्नास तासांच्या खेळाला हा नियम न्यायाचा आहे. दीड तासाच्या खेळाचें तसें नाहीं. तो शेवटपर्यंत पाहून, डोळे पुसून, पैसे परत घेतां येतात. मोजकेच पैसे खिशांत असलेल्या विद्यार्थ्यानें तासामागें किती खर्च आला हा हिशेब केला, तर त्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं; तो व्यवहार आहे आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग आहे. परंतु पांच फॉर्मांचा काव्यसंग्रह पांच फॉर्मांचाच आहे एवढ्यावरून त्याचें परीक्षण उरकणाऱ्याला आपण टीकाकार म्हणत नाहीं. मताशेजारीं छापलेला तासांचा आंकडा इतर खेळांत मत देणाऱ्याचा अधिकार दाखवीत असेल. येथें दीड तास खेळलेल्या माणसानें सर्व कृति पाहिलेली असूं शकते, आणि पांच तास खेळलेल्यानें नसूंही शकते.

याचें कारण त्या पत्रांच्या रचनेंत आहे. एकेका ठिकाणीं ऐकू येणारा तुकडा निरनिराळ्या पर्यायांतून यंत्र दर वेळीं नव्यानें निवडतें. त्यामुळें एकाच बेटावरून आलेल्या दोघांनीं एकच मजकूर ऐकलेला असेल असें नाहीं. अपघाताचा दोष पॉल नांवाच्या इसमाचा, कीं पत्रें लिहिणाऱ्याचा स्वतःचाच, हें कोणाला कोणते तुकडे मिळाले यावर बरेंचसें अवलंबून आहे. कथा उघड आहे असें म्हणणारा आणि कथा कळलीच नाहीं असें म्हणणारा, दोघेही खरें बोलत असतील. दोन अंगठ्यांच्या न्यायालयांत या साक्षी एकत्र कशा मोजावयाच्या?

स्तुति करणारांनीं आमची अधिक निराशा केली ती गद्याच्या बाबतींत. निळ्याहिरव्या उजेडानें भरलेल्या गुहांचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, आणि तें यथार्थ आहे. ब्रिस्को यांचें काम तेथें अपूर्व झालें आहे. पण पत्रांच्या भाषेविषयीं ‘काव्यमय’ या एका शब्दापलीकडे कोणी सहसा जात नाहीं. ती काव्यमय आहे, आणि गरजेहून फार आहे. हमरस्त्यावरचा अपघात, दमास्कसच्या वाटेवरचा बायबलांतील पॉल, मूत्रपिंडांतील खडे, बेटाचा जुना इतिहासकार, धनगर, शिवाय कड्यांवर रंगविलेल्या रसायनांच्या आणि विजेच्या जोडण्यांच्या आकृत्या, हें सर्व एकमेकांत इतकें मिसळतें कीं एक प्रतिमा मनांत ठरण्याच्या आधींच दुसरी तिला ढकलून देते. जो रचनाकार खेळणाऱ्याच्या हातांतून सर्व कांहीं काढून घेण्याइतका धीट, तो निवेदकाच्या तोंडचें एक विशेषण कमी करण्यास कचरला! आवाज थांबून नुसता वारा राहतो, किंवा शेवटीं उपसागरांत कागदी होड्या दिसतात, तेथें हा खेळ आपल्या पत्रांहून फार वरच्या दर्जाचा होतो.

आणि तो शेवट. खांबापाशीं पोंचल्यावर आजपर्यंत आपल्या हातीं असलेलें चालणें खेळ काढून घेतो. आपण न चढतां शिडी चढली जाते, आपण न ठरवितां उडी पडते, आणि पक्ष्यासारखें पाण्यावरून आपल्याला नेलें जातें. दीड तास ज्याला उडी मारण्याची कळ दिली नाहीं, त्याच्याकडून एकुलती एक उडी त्याला न विचारतां मारविली जाते. हा माणूस शेवटीं दुःखाच्या पूर्ण स्वाधीन झाला असें यांतून सुचवावयाचें असेल, तर ती कल्पना मोठी आहे. नुसतें देखणें चित्र साधावें म्हणून केलें असेल, तर सबंध खेळभर राखलेला करार शेवटच्या क्षणीं मोडला असें म्हणावें लागेल. आम्ही पहिल्या पक्षाकडे झुकतों. कारण त्या क्षणीं बोट संवयीनें कळ दाबीतच असतें, आणि तिचा आतां उपयोग नाहीं हें त्याला उशिरां कळतें. आम्हीं वाचलेल्या शेंकडों मतांत या जागेबद्दल चार ओळीसुद्धां आढळल्या नाहींत. वर केलेल्या अंगठ्यांतही नाहींत, आणि खालीं केलेल्यांतही नाहींत.